शिक्षा जितकी कठोर, पुरावा तितका निःसंदेह

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो स्वतः न्यायी आहे आणि न्याय करणाऱ्यांवर प्रेम करतो. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी प्रत्येक नशा हराम ठरवली आणि नशेत सापडलेल्या माणसाला शिव्याशाप देण्यापासूनही आपल्या साथीदारांना रोखले.



पवित्र कुरआनातील सूरह माइदा आपण सारे वाचतो. या एकाच सूरहमध्ये तीन आज्ञा थोड्या थोड्या अंतरावर आल्या आहेत. नव्वदाव्या आयतीत मद्य आणि जुगार यांना सैतानाचे घाणेरडे काम म्हटले असून त्यांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. बत्तिसाव्या आयतीत एका निरपराध जिवाच्या हत्येला साऱ्या मानवजातीच्या हत्येची उपमा दिली आहे. आणि आठव्या आयतीत श्रद्धावंतांना ताकीद आहे की, एखाद्या समूहाबद्दलचा राग तुम्हाला न्यायापासून ढळवता कामा नये. न्याय हाच ईशभयाच्या सर्वांत जवळचा मार्ग आहे. नशेविरुद्धचा आदेश, जिवाची किंमत आणि रागाच्या भरातही न्याय, हे तिन्ही एकाच सूरहचे धडे आहेत. त्यांतील एक घेऊन उरलेले दोन सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, अमली पदार्थांच्या बातम्या वाचून आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: अशा लोकांना सरळ फाशी द्यावी, खटला कशाला हवा? बोलणारे बहुधा नमाजी, सज्जन, मुलाबाळांचे आईबाप असतात. त्यांचा संताप खरा आहे. परंतु 'खटला कशाला' हे शब्द मुसलमानाच्या तोंडी शोभणारे आहेत का, हे कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात पाहणे आवश्यक आहे.

नशेबाबत दुमत नाही

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रत्येक नशा आणणारी वस्तू मद्याच्याच हुकमात येते आणि प्रत्येक मद्य हराम आहे. दुसऱ्या हदीसनुसार ज्या वस्तूचे अधिक प्रमाण नशा आणते तिचे अल्प प्रमाणही हराम आहे. उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांच्या रिवायतीत नशेबरोबरच शरीराला व बुद्धीला सुस्त करणाऱ्या पदार्थांचीही मनाई आली आहे. मद्याच्या संदर्भात दहा जणांवर लानत आलेली आहे. त्यांत पिणाऱ्याबरोबर गाळणारा, विकणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेले जाते तो आणि त्याची किंमत खाणारा हे सारे आहेत. गर्द, चरस, गांजा, कोकेन आणि आज तरुणांत 'एमडी' या नावाने पसरलेले मेफेड्रोन यांचा हुकूम यांहून वेगळा नाही. या व्यापाराच्या पैशातून केलेले दान अल्लाहजवळ स्वीकारले जाणार नाही.

आपण नवी मुंबईत राहतो. आपल्या दाराशीच न्हावा शेवा बंदर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये याच बंदरात आयुर्वेदिक औषधी म्हणून आलेल्या मालात लपवलेले १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच बंदरातून ज्येष्ठमधाचा असा साठा ताब्यात घेतला की, त्याच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप चढवलेला होता. एवढा माल येतो तो कोणाच्या तरी मुलाच्या रक्तात उतरण्यासाठीच. ज्या आईने आपल्या मुलाला या विषाने खंगताना पाहिले आहे, तिच्या रागाला आपण काय म्हणून थोपवावे? तो राग रास्त आहे. मात्र रास्त रागालाही आठव्या आयतीची सीमा आहे.

सक्तीची फाशी आणि मुंबई उच्च न्यायालय

आपल्या देशाचा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला लोक एनडीपीएस म्हणतात, १९८५ चा आहे. १९८९ मध्ये त्यात ३१-अ हे कलम घालण्यात आले. ठरावीक मोठ्या प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला फाशीच द्यायची, असा त्याचा अर्थ होता. हेरॉइन एक किलो, कोकेन पाचशे ग्रॅम, चरस वीस किलो, अशी मोजमापे त्यात दिली होती. न्यायाधीशाच्या हाती निवडीला वाव नव्हता. आरोपीचा सहभाग मुख्य होता की किरकोळ, तो टोळीचा मालक होता की दोन पैशांसाठी ओझे वाहणारा हमाल, त्याचे वय काय, त्याची परिस्थिती काय, यांपैकी काहीही पाहण्याची मुभा नव्हती.

२००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यात काश्मीरच्या एका इसमाला या कलमाखाली फाशी सुनावली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 'इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क' या संस्थेनेही कलमाला आव्हान दिले. १६ जून २०११ रोजी न्या. अ. मा. खानविलकर आणि न्या. अ. प्र. भंगाळे यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, सक्तीची फाशी ही राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी विसंगत आहे. फाशीची शिक्षा न्यायालयाने रद्द केली नाही. ती 'द्यावीच' लागेल या जागी 'देता येईल' असा कलमाचा अर्थ लावला. पुढे २०१४ मध्ये संसदेने कायद्यात तशीच दुरुस्ती केली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील सक्तीची फाशी नाकारणारे हे जगातील पहिले न्यायालय मानले जाते, आणि ते आपल्या मुंबईतील आहे.

काही वाचकांना वाटेल की न्यायालयाने गुन्हेगारांवर दया दाखवली. नीट पाहिले तर न्यायालयाने न्यायाधीशाचे डोळे त्याला परत दिले. समोर उभ्या माणसाकडे पाहिल्यावाचून केवळ तराजूच्या काट्याकडे पाहून जीव घेणे, याला न्याय म्हणता येत नाही. ही गोष्ट इस्लामी फिकहच्या विद्यार्थ्याला परकी वाटणार नाही.

शरीअतची सावधगिरी

इस्लामी कायद्यात शिक्षांचे प्रकार आहेत. ज्या शिक्षा कुरआन-सुन्नतने निश्चित केल्या त्या हुदूद. ज्या काझीच्या अथवा शासनाच्या विवेकावर सोपवल्या त्या ताजीर. अमली पदार्थांच्या तस्करीसाठी कुरआनात किंवा हदीसमध्ये नेमकी फाशी सांगितलेली नाही. ज्या उलमांनी मोठ्या तस्करांसाठी मृत्युदंड मान्य केला, त्यांनी तो 'जमिनीवर फसाद माजवणे' या आधारावर, इज्तिहाद करून मान्य केला. इतर अनेक फुकहांच्या मते ताजीरची शिक्षा जिवापर्यंत जाऊ नये. हा मतभेद जुना आहे आणि तो मिटवणे या लेखाचे काम नाही.

परंतु एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे उलमा एकत्र आहेत. सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलमांच्या परिषदेने १९८७ मध्ये तस्करांसाठी मृत्युदंडाचा निर्णय दिला. या निर्णयाचा हवाला अनेक जण देतात. त्याच निर्णयात एक अट आहे, तिचा उल्लेख मात्र फार थोडे करतात. शिक्षेपूर्वी शरई न्यायालये, त्यांवरील अपिलाची मंडळे आणि सर्वोच्च न्यायपरिषद यांच्याकडून पुराव्याची सारी प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे. जिवाबाबतची दक्षता आणि आपल्या शिरावरील जबाबदारी ही कारणे तेथे दिली आहेत. म्हणजे ज्यांनी सर्वांत कठोर मत स्वीकारले, त्यांनीही 'खटला कशाला' असे म्हटले नाही.

या सावधगिरीचे मूळ प्रेषितांच्या (स.) आचरणात आहे. माइज (रजि.) यांची हकिकत हदीसच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. ते स्वतः होऊन आले आणि आपल्या गुन्ह्याची कबुली दिली. कोणी पकडून आणले नव्हते, कोणी मारले नव्हते. तरीही प्रेषितांनी (स.) मुख दुसरीकडे वळवले. असे चार वेळा घडले. हा वेडा तर नाही ना, याने मद्य तर घेतलेले नाही ना, अशी चौकशी करवली. स्वखुशीने दिलेल्या कबुलीचीही इतकी पारख झाली, मग कोठडीत घेतलेल्या कबुलीची किती व्हावी? आदरणीय उमर (रजि.) यांच्यापासून असे नकल झाले आहे की, ज्याला उपाशी ठेवले, बांधले किंवा घाबरवले, तो माणूस स्वतःविरुद्ध काय बोलेल याचा भरवसा धरता येत नाही.

आदरणीय अली (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) काझी म्हणून यमनला पाठवले तेव्हा ते तरुण होते. त्यांना शिकवण मिळाली की, दोन पक्ष समोर आले तर दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूने निवाडा करू नका. बुखारी व मुस्लिम यांच्या रिवायतीचा आशय असा आहे की, केवळ दाव्यावरून लोकांना देत गेलो, तर लोक एकमेकांच्या जिवावर आणि मालावर दावे करतील. म्हणून सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर आहे. संशय उरला तर हद टाळा, आणि इमामाने माफ करण्यात चूक करणे हे शिक्षा देण्यात चूक करण्यापेक्षा बरे, हा आशय तिर्मिजीमध्ये आदरणीय आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत आला आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. तथापि तिच्यातील तत्त्व फुकहांनी कायद्याचा पाया म्हणून स्वीकारले. कारण उघड आहे. चुकीने सुटलेला माणूस पुन्हा पकडता येतो; चुकीने फासावर चढवलेला परत आणता येत नाही.

सामानात सापडलेला प्याला

सूरह युसूफ आपण रमजानमध्ये आवडीने ऐकतो. तिला सर्वोत्तम कथा म्हटले आहे. ती न्यायाच्या दृष्टीनेही एकदा वाचा.

हजरत युसूफ (अलै.) यांच्यावर खोटा आरोप झाला. आरोप करणारी बलवान घराण्यातील होती आणि ते परक्या देशातील गुलाम होते. त्या घरातील एका माणसाने मार्ग सुचवला: कुरता पाहा. पुढून फाटला असेल तर स्त्री खरी, मागून फाटला असेल तर युसूफ खरे. कुरता मागून फाटलेला निघाला. ज्याला आज आपण भौतिक पुरावा म्हणतो, त्याची ही परीक्षा होती. आणि तरीही, निर्दोषत्वाच्या खुणा पाहूनसुद्धा, त्यांना काही काळ तुरुंगात ठेवणेच लोकांना सोयीचे वाटले, असे पस्तिसावी आयत सांगते. पुरावा निर्दोषत्वाचा, आणि जागा कारागृहातली. ही स्थिती आजही कित्येकांची आहे.

पुढे तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला त्यांनी सांगितले की, आपल्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. त्या विस्मरणापायी युसूफ (अलै.) आणखी काही वर्षे आत राहिले. त्यांच्याविरुद्ध नवा गुन्हा नव्हता, नवी साक्ष नव्हती. बाहेरच्या माणसाला आठवण राहिली नाही, एवढेच झाले.

शेवटी बादशहाने सुटकेचा निरोप पाठवला, तेव्हा युसूफ (अलै.) लगेच निघाले नाहीत. आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा, असा त्यांनी उलट निरोप दिला. त्यांना माफी नको होती; निष्कलंक ठरणे हवे होते. खटल्याचा हक्क मागणारा अल्लाहचा एक पैगंबर आपल्यासमोर आहे. मग खटल्याची मागणी करणाऱ्या आरोपीची आपण थट्टा कशी करावी?

याच सूरहमध्ये आणखी एक प्रसंग आहे. धाकट्या भावाच्या सामानात प्याला सापडतो. आपल्याला ठाऊक आहे की तो त्याने चोरलेला नव्हता. त्याला जवळ ठेवून घेण्याच्या योजनेनुसार तो तेथे ठेवण्यात आला होता. पण सख्खे म्हणवणारे भाऊ काय म्हणाले? याने चोरी केली असेल तर नवल नाही, याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती. सामानात वस्तू सापडली, एवढ्यावरून त्यांनी भावाला चोर मानले आणि वर त्याच्या कुळावर ठपका ठेवला. हातातील वस्तू आणि मनातील हेतू यांत अंतर असते, हे त्यांना सुचले नाही.

दोहाच्या विमानतळावरची बॅग

ही प्याल्याची गोष्ट जुनी आहे असे कोणी समजू नये. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक नवविवाहित मुस्लिम दांपत्य कतारला निघाले. सहलीची सोय जवळच्या एका नातेवाईक स्त्रीने भेट म्हणून केली होती. पत्नी गरोदर होती. जाताना त्यांच्याकडे एक पाकीट देण्यात आले. त्यात तेथील ओळखीच्यांसाठी जर्दा आहे, असे सांगण्यात आले. दोहाच्या विमानतळावर झडती झाली तेव्हा त्यात सुमारे चार किलो चरस निघाली. दोघांना दहा वर्षांची कैद झाली. त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली.

मुंबईत मुलीच्या वडिलांनी हार मानली नाही. त्यांनी अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे, म्हणजे एनसीबीचे, दार ठोठावले. फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुढे आले. येथे तपास झाला, ज्यांच्यावर पाकीट दिल्याचा आरोप होता त्यांना अटक झाली, आणि ही माहिती भारत सरकारमार्फत कतारपर्यंत पोहोचवण्यात आली. तेथील वरिष्ठ न्यायालयाने खटला पुन्हा पाहण्याचा आदेश दिला. मार्च २०२१ मध्ये दोघे निर्दोष ठरले आणि एप्रिलमध्ये लेकीला घेऊन मुंबईला परतले. अल्हम्दुलिल्लाह.

आता थोडा विचार करा. हेच पाकीट सिंगापूरच्या विमानतळावर उघडले असते तर? तेथील कायद्यात दोनशे ग्रॅमपेक्षा अधिक चरसच्या तस्करीला मृत्युदंड आहे. या पाकिटात त्याच्या वीसपट होती. ज्याच्या ताब्यात वस्तू सापडली त्याला ती काय आहे हे माहीत होते, असे तो कायदा गृहीत धरतो. माहीत नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. २०१२ नंतर निव्वळ वाहकांसाठी काही मर्यादित सवलत आली आहे, परंतु तिच्या अटी कडक आहेत. एप्रिल २०२२ मध्ये तेथे बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मलेशियन तमिळ तरुणाला सुमारे ४३ ग्रॅम हेरॉइनसाठी फासावर देण्यात आले. सौदी अरेबियानेही काही काळ थांबवलेले अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील मृत्युदंड नोव्हेंबर २०२२ पासून पुन्हा सुरू केले. उलट मलेशिया या मुस्लिमबहुल देशाने २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड रद्द करून निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला.

त्या दांपत्याला वाचवणारी गोष्ट होती वेळ. पहिला निकाल त्यांच्याविरुद्ध गेला होता. तो अंतिम नव्हता आणि शिक्षा परत घेता येण्याजोगी होती, म्हणून वडिलांना पुरावा गोळा करायला अवधी मिळाला. 'सरळ फाशी द्या' म्हणणाऱ्या बांधवाने त्या मुलीच्या जागी आपली मुलगी कल्पून पाहावी. तळोजा, पनवेल, उरण आणि सबंध कोकणपट्टीतील आपल्या घरांतून किती माणसे आखाती देशांत आणि जहाजांवर कामाला जातात, उमऱ्याला जातात! त्यांच्या बॅगेत शेजाऱ्यांची पाकिटे नसतात का?

आपल्या कायद्यातील कुंपणे

आपला एनडीपीएस कायदा कडक आहे. मेफेड्रोन पन्नास ग्रॅम किंवा हेरॉइन अडीचशे ग्रॅम सापडले की ते व्यापारी प्रमाण ठरते. शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे. अशा खटल्यात जामीन फार अवघड असतो. दोषी मन गृहीत धरण्याची तरतूदही या कायद्यात आहे. कायदा इतका कडक असल्यामुळेच त्यात काही कुंपणे घातली आहेत. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा तुमचा हक्क आहे, हे सांगणे कलम ५० नुसार बंधनकारक आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० च्या निकालात ठरवले की, तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. आदरणीय उमर (रजि.) यांचे म्हणणे येथे पुन्हा आठवावे.

एखादा आरोपी अशा कारणाने सुटला की लोक म्हणतात, 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला.' बंधूंनो, वुजूच्या फर्जांपैकी एक राहिला तर नमाज होत नाही. तेथे आपण तांत्रिक मुद्दा म्हणत नाही. माणसाचे स्वातंत्र्य आणि जीव घेण्याच्या कामालाही काही फर्ज आहेत. ते पूर्ण झाल्यावाचून ते काम वैध होत नाही.

आणि ही कुंपणे केवळ आपल्या माणसांसाठी हवीत असेही नाही. सूरह निसामधील १०५ ते ११३ या आयतींबाबत अनेक तफसीरकारांनी लिहिले आहे की, मदीनेत एका मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाने चिलखत चोरले आणि ठपका एका यहुदी माणसावर ढकलला. चोराचे नातलग त्याची बाजू घेऊन आले. तेव्हा वही उतरली, यहुदी निर्दोष ठरला आणि विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई झाली. म्हणून आरोपीचे नाव ऐकून आपली भूमिका ठरवू नका. आपल्या समाजाचा असेल तर तो निरागसच, दुसऱ्याचा असेल तर तो दोषीच, किंवा याच्या उलट, ही रीत श्रद्धावंताची नाही. खऱ्या गुन्हेगाराला पाठीशी घालणे हाही त्या आयतीनुसार गुन्हाच आहे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, प्रवासाची. स्वतःची बॅग स्वतः भरा. कोणाचेही बंद पाकीट, मग तो कितीही जवळचा असो, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका. संकोच वाटला तर या लेखाचा दाखला द्या. फुकट तिकीट आणि त्यासोबत एक पाकीट, असा योग आला तर सावध व्हा. हा अविश्वास नाही. अमानत काय आहे हे न जाणता ती स्वीकारता येत नाही.

दुसरी गोष्ट, व्यसनात अडकलेल्या मुलांची. प्रेषितांच्या (स.) काळात मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका साथीदाराला कोणी शाप दिला, तेव्हा आपण (स.) त्याला रोखले आणि तो अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो अशी साक्ष दिली. ही हदीस बुखारीत आहे. शिक्षा झाली, पण जमातमधून हकालपट्टी झाली नाही. आपल्या कायद्यातही अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वतः होऊन उपचार घेऊ लागला, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मुलगा व्यसनी आहे हे कळताच घरची अब्रू झाकण्यात महिने घालवू नका. त्याला उपचारापर्यंत पोहोचवा.

तिसरी गोष्ट, आरोपीच्या घराची. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनात अनेकदा आले आहे. मुलाला अटक झाली म्हणून त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडणे, त्याच्या बापाला सलाम न करणे, फोटो मोबाइलवर फिरवणे, हे युसूफ (अलै.) यांच्या भावांचे वाक्य पुन्हा उच्चारणे आहे. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात जीव आणि माल यांच्याबरोबर इज्जतही हराम, म्हणजे अनुल्लंघ्य, ठरवली आहे. बातमी आली तर तिची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा आदेश मोबाइललाही लागू आहे.

चौथी गोष्ट, कैद्याची. आपल्या जवळ खारघरला तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. दोष सिद्ध न झालेले कैदी तेथे निकालाची वाट पाहत असतात. इमाम अबू युसूफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या किताबुल खराजमध्ये कैद्यांना अन्न-वस्त्र देण्याची आणि निव्वळ आरोपावरून कोणाला डांबून न ठेवण्याची ताकीद केली आहे. सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथ यांच्या बरोबरीने कैद्याला अन्न देणाऱ्यांची स्तुती आहे. अटक झालेल्याला अटकेचे कारण जाणण्याचा, वकील नेमण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. ज्याची ऐपत नाही त्याला ठाणे किंवा रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. हा क्रमांक प्रत्येक मस्जिदच्या सूचना फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहिलेला असावा. आपल्या मोहल्ल्यातील कायदा शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक दिवस अशा घरांसाठी ठेवावा. कैद्याच्या पुढच्या तारखेची आठवण ठेवणारा बाहेर कोणीतरी हवा. युसूफ (अलै.) यांच्या सोबत्याप्रमाणे आपण विसरणारे ठरू नये.

जो खरोखर या विषाचा व्यापार करतो, त्याला अल्लाहचे भय असावे. त्याची कमाई त्याच्या मुलांच्या पोटात आग आहे. तौबाचे दार पकडले जाण्यापूर्वी अधिक रुंद उघडे असते, हे सूरह माइदाच्याच चौतिसाव्या आयतीवरून समजते. आज परत फिरावे.

आणि आपण, जे निवाडा करण्याच्या आसनावर नाही आणि तरी रोज निवाडे करतो, आपणही स्मरण ठेवावे. कियामतच्या दिवशी आपली सारी कृत्ये माहीत असूनही अल्लाह आपली नोंदवही आपल्या हाती देईल, साक्षी उभे करील, हातापायांना बोलायला लावील. ज्याला पुराव्याची गरज नाही तो सर्वज्ञ पुरावा मांडून निर्णय देणार आहे. मग ज्याला समोरच्या बॅगेत काय आहे हेही दिसत नाही, त्या माणसाने घाई कशाच्या बळावर करावी?

हे अल्लाह! आमच्या मुलांचे नशेपासून रक्षण कर. जे तिच्यात अडकले आहेत त्यांना सुटकेचे बळ दे. जे विनाअपराध बंदिवान आहेत त्यांचे निर्दोषत्व प्रकट कर, जसे तू युसूफ (अलै.) यांचे केलेस. न्यायासनावर बसणाऱ्यांना दृष्टी आणि धैर्य दे, आणि आमच्या जिभांना संशयावरून कोणाचा जीव मागण्यापासून वाचव. आमीन, या रब्बल आलमीन.